सेकंडहँड गिफ्ट कार्ड पोस्टात हरवलं? पैसे कुठून मिळतील, किती मिळतील

समजा, ५,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड तुम्ही कुणाकडून तरी ४,५०० ला घेतलं. पैसे यूपीआयने दिले, त्याने पाकीट स्पीड पोस्टने पाठवलं आणि ते आलंच नाही. पोस्ट ४,५०० भरून देईल ही आशा आधी सोडा. स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई मिळते ती भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांत जे कमी असेल ते. ऑक्टोबर २०२५ पासून ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला परगावी ४७ रुपये अधिक जीएसटी पडतो. म्हणजे पदरात शे-सव्वाशेच्या आतलीच रक्कम. साध्या टपालाने पाठवलं असेल तर तेवढीही नाही.

खरे पैसे कार्डात पडून आहेत. पळापळ करायची ती तिथे.

आजच विकणाऱ्याला फोन लावा आणि कार्ड ब्लॉक करायला सांगा. तुम्ही स्वतः कंपनीला फोन करून फारसं काही होत नाही, कारण नोंद मूळ खरेदीदाराची असते; तुमचं नाव तिथे कुठेच नाही. लागेल ते असं: कार्डाचा क्रमांक, खरेदीचं बिल किंवा ईमेल, खरेदीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर. यातलं सगळं त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे फक्त यूपीआयची नोंद आणि चॅट. म्हणून पहिल्या दिवशी त्याच्याशी भांडू नका. भांडायला नंतर वेळ आहे. ब्लॉक केल्यावर तक्रार क्रमांक आणि त्या क्षणाची शिल्लक, दोन्हींचा स्क्रीनशॉट मागून घ्या. शिल्लक आधीच शून्य असेल तर कार्ड कधी आणि कुठे वापरलं गेलं ते विचारा. पाकीट पोस्टात पडण्याआधीच खर्च झाला असेल, तर हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. सरळ फसवणूक आहे.

आता कार्ड कुठलं, ते पाहा. बँकेने किंवा वॉलेट कंपनीने काढलेलं, अनेक दुकानांत चालणारं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येतं. अशा गिफ्ट कार्डाची मर्यादा १०,००० रुपये. त्यातून रोख काढता येत नाही, दुसऱ्या खात्यात पैसे वळवताही येत नाहीत. मात्र ज्या खात्यातून ते भरलं, त्याच खात्यात रक्कम परत जाऊ शकते, आणि मागणी केल्यास कार्डाची मुदत वाढवून किंवा नवं कार्ड देऊन ते पुन्हा चालू करता येतं. मेख इथेच आहे: परतावा तुमच्या नाही, विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. ‘रक्कम आली की अमुक दिवसांत तुम्हाला पाठवतो’ असं त्याच्याकडून आधी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल. शक्य असेल तर परताव्याऐवजी ईमेलवर येणारं नवं कार्ड मागायला लावा. पुन्हा पोस्टाची भानगड नको.

कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

एकाच ब्रँडच्या दुकानांत चालणारं कार्ड असेल तर हे दार बंद. ते रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. अटींमध्ये बहुधा ‘हरवलेलं कार्ड म्हणजे हरवलेली रोकड’ अशा अर्थाचं वाक्य असतं. तरी विचारा, बिल आणि क्रमांक असेल तर काही दुकानं नवं कार्ड देतात. प्रतिज्ञापत्र मागितलं, तर सही केलेलं साधं निवेदन चालेल का ते आधी विचारून घ्या, कारण मुद्रांक, टायपिंग आणि नोटरी धरून छोट्या कार्डाचा बराचसा पैसा तिथेच जिरतो. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलाच्या नोटिशीवर खर्च करू नका. ४,५०० साठी ते परवडत नाही.

हे सगळं कंपनीविरुद्ध. घरात पडून असलेलं एखादं कार्ड विकणारा माणूस व्यापारी नसतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात टिकणं कठीण. त्याने पाकीट पाठवलंच नसेल, तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. पाठवलं की नाही, हे कळायला ‘E’ ने सुरू होऊन ‘IN’ ने संपणारा १३ अक्षर-अंकी नंबर मागा आणि इंडिया पोस्टच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. पावतीचा नुसता फोटो पुरेसा नाही.

पोस्टाची तक्रार १८०० २६६ ६८६८ वर किंवा साइटवर होते. पावती पाठवणाऱ्याकडे असते, म्हणून ती त्यालाच करायला लावा. शंभर रुपयांसाठी कशाला, असं वाटेल. पण पाकीट हरवल्याचं पोस्टाचं लेखी उत्तर कार्ड कंपनीपुढे ठेवायला उपयोगी पडतं.

कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका, बिलावरचा किंवा अधिकृत अॅपमधलाच घ्या. शोधात वर येणारे ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा भामट्यांचे असतात. परतावा देण्यासाठी कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.