शोषखड्डा, वाफसा आणि आपली विहीर



आज फवारणीचा किंवा खताचा सल्ला नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत घरामागच्या सेप्टिक टँककडे एकदा बघून घ्या. वस्तीवर टँक, विहीर आणि बोअर बऱ्याचदा एकाच आवारात असतात, म्हणून हा विषय घेतला.

*टँक पाणी शुद्ध करत नाही*
टँकमध्ये जड घाण तळाला बसते, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पाइपातून बाहेर पडतं. घाण अडवायची आणि थोडी कुजवायची, टँकचं काम एवढंच. बाहेर येणारं पाणी नितळ दिसलं तरी त्यात हगवण, टायफॉइड, काविळीचे जंतू असू शकतात. खरी गाळणी पुढे, मातीत होते. त्यासाठी शोषखड्डा किंवा शोषचर असतो.

*मातीला वाफसा पाहिजे*
वाफसा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कणाभोवती ओल, मधल्या पोकळीत हवा. शोषचराखालच्या मातीलाही तेच लागतं. पाणी कणांना चिकटत सावकाश उतरतं, हवेवर जगणारे जिवाणू घाण खातात आणि बरेच रोगजंतू मातीत अडकून मरतात. माती चिबड झाली की हवा संपते. मग पाणी एक तर वर येतं, नाहीतर न गाळता खाली जातं.

म्हणून ‘खड्डा खोल घेतला, पाणी लगेच जिरतं’ ही चांगली खूण समजू नका. आपल्याकडे मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. खड्डा खडकाच्या भेगेपर्यंत गेला तर पाणी गाळलं न जाता निघून जातं, आणि तीच भेग विहिरीच्या झऱ्याला मिळालेली असू शकते. शिवाय पावसाळ्यात आणि कालव्याचं आवर्तन चालू असताना जमिनीतलं पाणी वर येतं. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा खड्ड्याचा तळ तेव्हा पाण्यात असू शकतो.

*टेप घेऊन मोजा*
भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २४७०):
▪️ पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर (सुमारे ६० फूट)
▪️ राहत्या घरापासून ६ मीटर (२० फूट)
▪️ शोषचर उथळ, ५० सेंमी ते १ मीटर खोल. एक चर ३० मीटरपेक्षा लांब नको, दोन चरांत किमान १.८ मीटर अंतर.
भेगाळ खडकात ६० फूटही पुरतील असं नाही. तिथे जागा असेल तेवढं लांब जा, आणि शक्यतो विहिरीच्या उताराच्या बाजूला.

*नवीन काम करताना जिरण्याची चाचणी*
चर जेवढा खोल घ्यायचा तेवढाच छोटा खड्डा घ्या. पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी भरा आणि पातळी २५ मिमी (एक इंच) उतरायला किती वेळ लागतो ते बघा.
▪️ ३० मिनिटांच्या आत: शोषखड्डा किंवा चर, दोन्ही चालेल
▪️ ३० ते ६० मिनिटे: फक्त चर
▪️ ६० मिनिटांच्या वर (भारी काळी जमीन): दोन्ही नको. फिल्टरची व्यवस्था लागते, पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारा.

*चालू टँकची काळजी*
१. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसून घ्या. गाळ चरात गेला की मातीची छिद्रं बुजतात, आणि मग नुसता टँक रिकामा करून चर सुधारत नाही.
२. चरावरून ट्रॅक्टर नेऊ नका, गोठा बांधू नका. माती दबली की हवा गेली.
३. छपराचं पावसाचं पाणी तिकडे सोडू नका.
४. चरावर गवत चालेल. वड, पिंपळ, नारळ नको, आणि मुळा-गाजर तर नकोच.
५. टँकरचा कच्चा मैला भाजीच्या रानात घेऊ नका. जंतांची अंडी मातीत अनेक महिने टिकतात. आपली मेथी-कोथिंबीर लोक कच्चीसुद्धा खातात.

*टँकमध्ये कोणीही उतरायचं नाही*
मार्च २०२२ मध्ये आपल्या शेजारी कदमवाकवस्तीत सेप्टिक टँक साफ करताना चार जणांचा जीव गेला. आत विषारी वायू असतो, प्राणवायू कमी असतो, आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही जातो. सफाईसाठी असं माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसा फक्त मशीनच्या टँकरने. कोणी पडलंच तर उतरू नका, आधी १०१ किंवा ११२ ला फोन करा.

*पाणी तपासा*
पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीच्या पाण्याची जंतू आणि नायट्रेट तपासणी करा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते मातीत अडकत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. बाळाच्या दुधासाठी असं पाणी अजिबात वापरू नका. नायट्रेट युरियाचंही असू शकतं, म्हणून खताचा हिशोबही सोबत बघू.

अंतर ६० फुटांपेक्षा कमी निघालं तर याच नंबरवर जमिनीचा प्रकार आणि विहिरीची खोली लिहून पाठवा. पुढच्या भेटीत जागेवर बघू.

– कृषी सल्ला विभाग, लोणी काळभोर