भाजी धुतली खरी, पण कोणत्या पाण्यात?



माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी आम्ही दरेकसा स्टेशनावर उतरलो. वाटेत बोरं घेतली, उपरण्यात बांधली अन् तशीच खात चढ चढलो. तिसऱ्या दिवशी घरात दोघांना जुलाब. बोरांचा दोष की पाण्याचा, हे आता कोण सांगणार? पण न धुता खाल्ली, ही चूक आमचीच.

आपल्या भगिनी म्हणतील, "आम्ही तर धुवूनच घेतो." कुठे? तर बोडीवर! त्याच बोडीत म्हशी बसतात, कपडे धुतात, पावसात शेतातली घाण वाहून येते. सांबाराची जुडी तिथे बुचकळली की माती जाते, जुलाबाचे आणि काविळीचे जंतू मात्र पानांवर घरी येतात. भाजी शिजली तर भागते. कोशिंबीर, जाम, भेदरं कच्चीच पोटात जातात.

शिंगाड्याचे तर वेगळेच आहे. माणसाच्या व डुकराच्या आतड्यात राहणाऱ्या एका चपट्या कृमीची अंडी विष्ठेतून तळ्यात उतरतात, गोगलगायीच्या पोटात त्यांची पिले वाढतात आणि शेवटी पाणवनस्पतींना चिकटून बसतात. हिरवा शिंगाडा दाताने सोलला की ती तोंडात. बिहार व उत्तर प्रदेशात असे रोगी आढळले आहेत. शिंगाडा उकडूनच खावा; मुलांना हे मुद्दाम सांगा.

धुण्याची रीत अवघड नाही. जुडी सोडून मुळे कापावीत, मोठ्या गंजात पाने बुडवून हाताने वर उचलावीत. गंज ओतू नये, नाहीतर तळाची वाळू पुन्हा पानांवरच येते. दोन-तीनदा पाणी बदलावे. भाजी चिरण्याआधी धुवावी. साबण, सोडा पावडर लावू नये. ती फळात मुरते. मिठाच्या पाण्याने अळ्या निघतात, जंतू मरतात असे समजू नये.

फवाऱ्याचे औषध धुण्याने वरवरचेच जाते. झाडात भिनलेले जात नाही. म्हणून फवारणीनंतर डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्यावेत, मगच तोडा करावा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी आली. तेच विष २०१३ च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत जेवणाच्या तेलात सापडले. २३ मुले दगावली. औषधाची बादली वा डबा, कितीही घासलेला असो, भाजी धुवायला घेऊ नका. आमच्याच गोठ्यात अशी एक बादली पाण्याला वापरात होती. ती आम्ही फोडून टाकली.

पाणी उकळायला सरपण जास्त लागते, ही तक्रार रास्त आहे. मग निदान जे कच्चे खायचे तेवढ्यापुरते तरी उकळावे. आमच्याकडे रात्रीच एक गुंड उकळून झाकून ठेवतात, सकाळी त्याच पाण्यात कोशिंबिरीचे सामान धुतले जाते.