लहान शेती, लहान ट्रॅक्टर : निवड, हिशेब आणि कर्ज

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील आपला समाज आज नोकरीनिमित्त कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत पसरला असला तरी गावाकडची एक-दोन एकर भातजमीन त्याने सोडलेली नाही. मात्र ती कसायची कशाने, हा प्रश्न दरवर्षी ज्येष्ठ उजाडला की घराघरांत उभा राहतो. म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेतील बैलबाजार प्रसिद्ध आहे. परंतु पंधरा-वीस दिवसांच्या कामासाठी बैलजोडी वर्षभर सांभाळणे, तिला चारा-पाणी करणारे माणूस घरात असणे, हे आता थोड्याच कुटुंबांना जमते. त्यामुळे लहान ट्रॅक्टर घ्यावा असा विचार पुढे येतो. हा विचार योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास तो कसा अमलात आणावा, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. बँकेच्या काउंटरवर बसून जे कागद रोज नजरेखालून जातात, त्यांचाच आधार या विवेचनाला आहे.

बाबासाहेबांचा मुद्दा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक इंग्रजी निबंध लिहिला. तो इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी सर्वसाधारण मत असे होते की शेताचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात. बाबासाहेबांनी हा युक्तिवाद तपासला आणि दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण जुळते की नाही, यावरून ते ठरते. अवजारे आणि जनावरे अपुरी असतील तर लहान दिसणारे शेतदेखील कसणाऱ्याला मोठेच असते.

या विचाराची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. अवजार कमी पडले तर प्रमाण बिघडते, तसेच अवजार जमिनीच्या मानाने जास्त झाले तरी प्रमाण बिघडते. दोन एकरांवर पाच लाखांचे यंत्र उभे केले की ते यंत्र शेताला नव्हे, शेतच यंत्राला पोसू लागते. म्हणून ट्रॅक्टर घेण्यापूर्वी पहिला प्रश्न "किती अश्वशक्तीचा?" हा नाही. "वर्षाला किती तास चालेल?" हा पहिला प्रश्न आहे.

तासांचा हिशेब

समजा, भाताच्या एका एकराला उखळणी, दोन वेळा चिखलणी आणि नंतर वाल किंवा भाजीपाल्यासाठी एक पाळी मिळून लहान ट्रॅक्टरचे सात तास लागतात. दोन एकरांचे झाले चौदा तास. भाड्याचा दर तासाला ८०० रुपये धरला, तर वर्षाचा खर्च ११,२०० रुपये होतो.

आता खरेदीचा हिशेब पाहू. चार लाख रुपये कर्ज, व्याज दर साल दर शेकडा १०, मुदत पाच वर्षे आणि हप्ता सहामाही. (हा दर केवळ उदाहरणासाठी धरला आहे.) प्रत्येक हप्ता सुमारे ५१,८०० रुपयांचा येतो, म्हणजे वर्षाला १,०३,६०० रुपये. ट्रॅक्टर भाड्याने फिरवला तर तासाच्या ८०० रुपयांतून डिझेल अडीच लिटर, लिटरला ९० रुपयांप्रमाणे २२५ रुपये जातात. चालकाचे १०० आणि देखभालीचे ७५ वजा केले की हाती ४०० रुपये राहतात. १,०३,६०० ला ४०० ने भागले तर २५९ तास येतात. म्हणजे एवढे तास चालला तरच ट्रॅक्टर स्वतःचा हप्ता फेडतो. त्यांपैकी स्वतःच्या शेताचे तास फक्त चौदा!

उरलेले २४५ तास बाहेरून मिळवावे लागतात. आपल्याकडे चिखलणीचा खरा हंगाम वीस-पंचवीस दिवसांचा. रोज आठ तास, एकही दिवस बिघाड न होता चालवला, तरी १६० ते २०० तासच भरतात. याचा अर्थ, एकट्या लहान शेतकऱ्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेणे ही शेती नसून भाड्याचा धंदा आहे. घरात चालवणारा मुलगा आहे, उन्हाळी भाजीपाल्याची कामे आसपास आहेत आणि वर्षभर धावपळ करण्याची तयारी आहे, तर तो धंदा जरूर करावा. परंतु धंदा समजून करावा, हौस म्हणून करू नये.

हेच दहा शेतकरी एकत्र आले तर काय होते? वीस एकरांचे १४० तास घरचेच झाले. बाहेरून फक्त ११९ तास मिळवावे लागतात, आणि ते मिळण्यासारखे आहेत. लहान शेतीचा मार्ग भागीदारीतून जातो, तो असा.

यंत्राची निवड

आमच्या भागातील खाचरे लहान, बांध अरुंद आणि पाऊस मुसळधार. येथे अवजड ट्रॅक्टर खाचरात रुततो, वळताना बांध फोडतो. म्हणून निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) वजन आणि रुंदी : गाव ते शेत या वाटेतील सर्वांत अरुंद जागा टेपने मोजावी. ट्रॅक्टरबरोबर रोटाव्हेटरची रुंदीही विचारावी.

२) दोन चाकी ओढ की चार चाकी : चिखलात चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर सहज निघतो, पण त्याची किंमत आणि देखभाल जास्त. दोन चाकी ओढीचा घेतल्यास चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके, म्हणजे केज व्हील, घ्यावीत.

३) अश्वशक्ती : बाजारात स्वराज कोड (११ अश्वशक्ती, २०२१ साली आलेला), महिंद्रा युवराज २१५ (१५), व्हीएसटी शक्ती एमटी १८० डी (सुमारे १८), कुबोटा निओस्टार ए २११ एन (२१, चार चाकी ओढ) अशी नावे ऐकू येतात. इंजिनाची शक्ती आणि मागच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे पीटीओला, मिळणारी शक्ती वेगळी असते. रोटाव्हेटर पीटीओवर चालतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात पीटीओची शक्ती आणि डिझेलचा खप दोन्ही सापडतात.

४) पॉवर टिलर : १२-१३ अश्वशक्तीचा टिलर लहान खाचरात उत्तम चालतो आणि स्वस्त पडतो. मात्र त्यामागे दिवसभर चिखलात चालावे लागते आणि वाहतुकीला तो मर्यादित उपयोगाचा.

५) दुरुस्ती : ऐन आषाढात सुटा भाग मिळवण्यासाठी दोन दिवस मोडले तर हंगाम गेला. शहापूर, मुरबाड किंवा फार तर कल्याणला ज्याचे भाग आणि कारागीर मिळतात, तोच ट्रॅक्टर आपल्यासाठी चांगला.

६) सुरक्षितता : बांध तिरका ओलांडू नये, सरळ ओलांडावा. फिरत्या दांड्यावरचे झाकण काढू नये. रुतलेल्या चाकाखाली ओंडका बांधून जोर लावला की पुढची बाजू उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो.

पैसा कोठून आणावा?

महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची एक योजना आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने, म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, यांसाठी ९० टक्के अनुदान मिळते. ही योजना २०१२ च्या शासन निर्णयाने आली आणि २०१७ साली तीत सुधारणा झाली. २०१७ च्या निर्णयाप्रमाणे खरेदीची कमाल मर्यादा ३ लाख ५० हजार, गटाचा हिस्सा १० टक्के म्हणजे ३५ हजार आणि शासनाचे अनुदान ३ लाख १५ हजार. गटातील किमान ८० टक्के सदस्य या घटकातील असावेत. अध्यक्ष व सचिवही याच घटकातील असावेत. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात करावयाचा. उद्दिष्टापेक्षा अर्ज जास्त आल्यास सोडत निघते. चालू वर्षाची मर्यादा व अटी अर्जापूर्वी त्याच कार्यालयातून लेखी घ्याव्यात.

येथे दोन गोष्टी सदस्यांनी आधीच समजून घ्याव्यात. पहिली, मर्यादेपेक्षा जास्त किंमत गटालाच भरावी लागते. समजा सर्व मिळून बिल ४ लाख ७५ हजारांचे झाले, तर ३ लाख १५ हजार वजा जाता गटाचा वाटा १ लाख ६० हजार, म्हणजे दहा जणांत प्रत्येकी १६ हजार होतो, साडेतीन हजार नव्हे. दुसरी, अनुदान खरेदीनंतर खात्यात जमा होते. तोपर्यंतची रक्कम उभी करावी लागते. ३ लाख १५ हजारांवर सहा महिन्यांचे दहा टक्क्यांनी व्याज १५,७५० रुपये होते. ही तरतूद गटाच्या ठरावातच करून ठेवावी. या योजनेतील ट्रॅक्टर गटाला विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, हेही सर्वांनी जाणावे.

गटात नसलेल्या शेतकऱ्याला कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. त्यात पूर्वसंमतीचे पत्र हाती आल्याशिवाय खरेदी करू नये. आधी खरेदी आणि मागून अर्ज, असे चालत नाही.

कर्जाचे कागद वाचावे कसे?

पहिला शब्द शोधावा तो "फ्लॅट". घटत्या शिलकीवर दहा टक्क्यांनी वरील चार लाखांवर पाच वर्षांत सुमारे १ लाख १८ हजार व्याज होते. तेच "फ्लॅट" दहा टक्क्यांनी पूर्ण दोन लाख! दर एकच दिसतो, फरक ८२ हजारांचा पडतो.

दुसरे, हप्ता कधी? भातशेतकऱ्याच्या हाती पैसा सुगीनंतर येतो. मासिक हप्ता दिसायला लहान असतो, पण श्रावणात तो कोठून भरणार? म्हणून सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागून घ्यावा.

तिसरे, तारण. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला दोन लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. त्याहून मोठ्या कर्जाला ट्रॅक्टरबरोबर जमीनही अडकू शकते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. ट्रॅक्टर गेला तर दुसरा येईल, जमीन परत येत नाही. ज्या समाजाला जमिनीचा तुकडा इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने मिळाला, त्याने सही करण्यापूर्वी हा विचार दोनदा करावा.

चौथे, सातबारा. उतारा मृत आजोबांच्या नावे, चुलते मुंबईत, वारस नोंद झालेली नाही, अशा स्थितीत अर्ज अडतो. वारस नोंद आणि फेरफार हे काम उन्हाळ्यातच उरकावे. जमीन जुन्या वतनाची, भोगवटादार वर्ग २ ची असल्यास बोजाविषयी तलाठ्याकडे व बँकेत आधी विचारावे.

पाचवे, बिल व विमा. ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. बिलावर तोच लावला आहे ना, हे पाहावे. ट्रेलरचीही नोंदणी करावी. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने वीटभट्टीचा माल भाड्याने वाहिला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो.

गट टिकतो कशाने?

यंत्रापेक्षा पाळीवरून गट अधिक मोडतात, कारण चिखलणी सर्वांना एकाच आठवड्यात हवी असते. यावर उपाय म्हणजे पाळी चिठ्ठ्या टाकून मे महिन्यातच ठरवावी. पुढील वर्षी शेवटचा तो पहिला व्हावा. सदस्यानेही तासाचे पैसे रोख भरावेत. अध्यक्षालाही फुकट नाही. तासमापकाचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्रत्येक तासामागे पन्नास रुपये टायर व दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकावेत. आमच्या मते अनुदानाने ट्रॅक्टर येतो, पण वहीने तो चालतो. समाजातील शिकलेल्या मुला-मुलींनी गावी जाऊन एवढी वही लिहिण्याचे काम अंगावर घेतले, तरी त्यांच्या शिक्षणाचा गावाला मोठाच उपयोग होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या कुटुंबाच्या शेतीला वर्षभरात यंत्राचे किती तास लागतात? कामवार मांडून दाखवा.

२) तीन लाखांच्या कर्जावर पाच वर्षांचे "फ्लॅट" दहा टक्के व्याज किती होईल? ते घटत्या शिलकीच्या व्याजापेक्षा जास्त का, ते स्पष्ट करा.

३) आपल्या गावातील कोणते दहा शेतकरी एक गट करू शकतील? त्यांच्या जमिनीचे एकूण क्षेत्र आणि सातबाऱ्यावरील नावे तपासून यादी करा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत न ठेवता गावच्या बैठकीत मांडावे, ही विनंती.