थकलेल्या बापाचे श्रम देव पाहतो

दिवसभर राबून घरी परतणाऱ्या बापाचा शीण कोण जाणतो? उत्पत्ति ३१ मध्ये याकोब लाबानापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. २० वर्षे चाकरी केली. दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला झोप नाही. वेतन तर १० वेळा बदलले! तो त्या वेळी ११ मुलगे व एका मुलीचा बाप होता. तरी देवाने आपले कष्ट पाहिले, अशी तो साक्ष देतो.

पुढे ३३ व्या अध्यायात एसाव त्याला बरोबर चालण्यास सांगतो. पण मुले सुकुमार आहेत, मी त्यांच्या चालीने हळूहळू येईन, असे याकोब म्हणतो.

बंधूंनो, मालक पाहो न पाहो, देव पाहतो. म्हणून कामाचा राग उंबऱ्याबाहेर ठेवून आपणही घरी मुलांच्या चालीने चालू या.