सही आधी की ड्रॉइंग आधी?

प्रश्न : साताऱ्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, उसाच्या रसाचे चरखे बनवतो. रोलरवरच्या खाचांची नवी रचना आम्ही बसवली आहे. अजून एकही चरखा विकलेला नाही. ओतकाम कुपवाडच्या फाउंड्रीला आणि खाचांचं मशीनिंग सांगलीत जॉबवर्कवर द्यायचं आहे. गुप्ततेचा करार कोटेशन मागताना करावा की ऑर्डर पक्की झाल्यावर? सांगलीत एकाला ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर गेलंसुद्धा आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ड्रॉइंग हातून सुटायच्या आधी सही. ऑर्डरपर्यंत थांबलात तर ज्यांना काम मिळालं नाही त्या दोघा-तिघांकडेही तुमचं ड्रॉइंग राहिलेलं असतं, बिनसहीचं.

पण सही कुणाची, हे आधी ठरवा. फाउंड्रीवाला भाव किलोवर काढतो. वजन, ग्रेड, नग आणि कोअर लागतो का, एवढं कळलं की त्याचं भागतं. खाचा तर नंतर मशीनवर पडणार. मग त्यांचं ड्रॉइंग कुपवाडला जावंच कशाला? मशीनिंगचा अलाउन्स धरून साध्या रोलरचं वेगळं ड्रॉइंग काढा. सगळं एकाच शीटवर असतं म्हणून आपण ते सगळ्यांना धाडतो आणि मग वकील शोधतो.

खाचा पाडणाऱ्याचं तसं नाही. खोली आणि कोन पाहिल्याशिवाय तो दर सांगूच शकत नाही, म्हणून त्याची सही कोटेशनच्या आधी. करार दोन पानी पुरे : ड्रॉइंगचा क्रमांक, वापर कशासाठी, मुदत, काम संपल्यावर ड्रॉइंग आणि गेज परत. आणि त्याने काम पुढे कुणाला दिलं तर त्याचीही सही आधी. हे कलम हमखास राहून जातं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनला 1961 मध्ये टायर कॉर्डचं तंत्र देताना परदेशी कंपन्यांनी हीच अट घातली होती : गुप्ततेची हमी तुमच्या माणसांकडूनही घ्या. पुढे एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या कराराची मुदत संपायच्या आत कोट्याच्या स्पर्धकाकडे गेला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मात्र ‘जन्मात दुसऱ्या कुणाला रोलर करून देणार नाही’ असलं काही लिहून घेऊ नका. करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते टिकत नाही, आणि जॉबवर्कवाल्यालाही पोट आहे.

व्हॉट्सॲपवर गेलेल्या ड्रॉइंगसाठी मागची तारीख टाकायचा मोह होईल. मुद्रांकावर विक्रीची तारीख छापलेली असते, पकडले जाल. आजचीच तारीख घाला आणि अमुक दिवशी पाठवलेलं ड्रॉइंगही यात धरलं आहे, असं लिहा. पहिली ऑर्डर हाच त्याचा मोबदला; सही झाल्याशिवाय ती सोडू नका. सही नाहीच मिळाली तरी अगदीच हात बांधलेले नाहीत. चारा उगवण्याच्या यंत्राच्या पॅनेलसाठी एकाने पुरवठादाराला ड्रॉइंग दिली, ऑर्डर झाली नाही, आणि पुरवठादाराने यंत्रच बनवलं. दिल्ली हायकोर्टाने 1987 मध्ये त्याला रोखलं. विश्वासाने दिलेली माहिती अशी वापरता येत नाही म्हणून. पण तो खटला लढायला लागणारा वेळ आणि पैसा तुमच्याकडे आहे का?

शेवटचं. चरखा रसवंतीवर उभा राहिला की कुणीही रोलर काढून खाचा मोजेल. त्याच्याशी तुमचा कसलाच करार नसेल. पेटंटचा विचार असेल तर अर्ज पहिल्या विक्रीच्या आधी जायला हवा.