तीन राज्यांचा खेळ

संगणकावरील ऐतिहासिक युद्धखेळात नवी राज्ये घालायची, तर आधी इतिहास वाचावा लागतो. आज आपण चीनमधील वेई, शू आणि वू ही राज्ये घेऊ.

इ. स. २२० मध्ये हान घराणे संपले व त्या सुमारास ही तीन राज्ये उभी राहिली. त्यांचे बळ सारखे नव्हते. शरण येताना शूच्या नोंदीत (२६३) सुमारे ९ लाख ४० हजार माणसे होती, वूच्या नोंदीत (२८०) २३ लाख. उत्तरेकडील वेई दोघांहून मोठे. हेच आकडे खेळात घातले, तर शू कोणी निवडणार नाही. सर्वांना सारखे सैन्य दिले, तर इतिहास उरणार नाही.

मग लहान राज्ये टिकली कशी? उत्तर नकाशात आहे. शूभोवती डोंगर, वूपुढे यांगत्से नदी. २०८ मध्ये याच नदीवर, लाल कड्यांपाशी, त्साओ त्साओची जहाजे जळाली व त्याचे मोठे सैन्य मागे फिरले. म्हणून खेळात नदी ओलांडणे अवघड आणि घाटातून धान्य नेणे खर्चाचे ठेवू. हेच घाट शूलाही नडले. जूगे ल्यांगच्या उत्तरेवरील स्वाऱ्यांत (२२८ ते २३४) रसदीची अडचण वारंवार आली.

स्वाध्याय : वूचे एक बळ व एक उणीव लिहा. दोन्हींना नकाशातील आधार द्या.