नकाशावरचा ठिपका कालव्यात का पडत नाही?

प्रश्न : बारामतीत नीरा डाव्या कालव्याच्या कडेने गाडी नेताना मोबाईलच्या नकाशात ठिपका रस्त्यावरच राहतो, पाण्यात जात नाही. मग इंदापूरजवळ सोलापूर महामार्गावर तो मध्येच सर्व्हिस रोडवर का उडी मारतो?
– एक वाचक, लासुर्णे (ता. इंदापूर)

उत्तर : उपग्रहांवरून काढलेली जागा मोकळ्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे होते. ती आहे तशी दाखवली, तर ठिपका कालव्यात पडेलच. मग सर्वांत जवळचा रस्ता धरावा, असे वाटते. पण फसगत होते ती तिथेच.

समजा, एक नोंद महामार्गापासून ८ मीटरवर आणि सर्व्हिस रोडपासून ४ मीटरवर पडली. पाच मीटरची चूक गृहीत धरली, तर या एका नोंदीपुरती सर्व्हिस रोडची शक्यता अडीच पटींहून जास्त भरते. पण सेकंदापूर्वी गाडी महामार्गावर होती. ताशी ८० च्या वेगाने सेकंदात २२ मीटर कापले जातात. खाली उतरायची वाट किलोमीटरभर पुढे असेल, तर तेवढ्यात गाडी सर्व्हिस रोडला पोचणार कशी? ही शक्यता जवळजवळ शून्य होते. दोन्ही शक्यतांचा गुणाकार केला की महामार्गच जिंकतो. असा हिशेब प्रत्येक नोंदीला होतो, दोन-चार रस्त्यांचे संशय एकदम जिवंत ठेवून. आणि शेवटी निवड होते ती सबंध वाटेची, सुट्या ठिपक्याची नव्हे.

अशी सर्वांत संभाव्य साखळी झटपट शोधण्याची रीत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ साली दिली, तीही गोंगाटात हरवलेले संदेश वाचण्यासाठी! पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी २००९ मध्ये ती सिएटलच्या रस्त्यांवर लावून पाहिली. दर ३० सेकंदांना एकच नोंद ठेवली, तरी वाट जवळपास अचूक सापडली. ताशी ६० ने जाणारी गाडी तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे या रीतीची ताकद कळते.

आता तुमची उडी. जिथे महामार्गावरून खाली उतरायची वाट असते, तिथे दोन्हीकडे जाणे सारखेच शक्य असते. मागच्या प्रवासाचा आधार तिथे सुटतो आणि चार मीटरची चूकही पारडे फिरवते. पुढच्या काही नोंदी आल्या की निकाल लागतो, पण चालत्या गाडीत मोबाईलला तेवढे थांबता येत नाही. घरी जाऊन प्रवासाची नोंद उघडलीत, तर तीच रेघ बहुधा सरळ महामार्गावरून गेलेली दिसेल. कारण तोवर पुढच्या नोंदी हाती आलेल्या असतात.

एका ठिकाणी मात्र हा हिशेब हतबल आहे. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गासारख्या रस्त्याचा एखादा नवा तुकडा वाहतुकीला खुला झाला आणि नकाशात चढला नाही, तर तुम्ही डांबरावर असूनही ठिपका शेतातून धावेल किंवा जुन्या रस्त्याला चिकटेल. नकाशात नसलेला रस्ता निवडायला त्याच्यापुढे नसतोच.